सत्तरीतले वीरगळ आणि फोनमधला फोटो : कॉमन्ससाठी घडवलेल्या एका मराठी ॲपचा प्रकरण अभ्यास

विकिमीडिया कॉमन्स हे मुक्त माध्यमांचे भांडार ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाले. दहा कोटींहून अधिक फायली असलेल्या या भांडारातील फोटो परवान्याच्या अटी पाळून कोणालाही, अगदी व्यापारी कामासाठीसुद्धा, वापरता येतात आणि मराठी किंवा कोंकणी विकिपीडियावरील लेखांत दिसणारी बहुतेक चित्रे तेथूनच येतात. जुने गोवे येथील चर्चसमूह १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथे जगभरचे लोक कॅमेरा घेऊन येतात, त्यामुळे बॉम जेझूस बासिलिकेचे किंवा से कॅथेड्रलचे फोटो कॉमन्सवर विपुल आहेत. गोव्यातील सत्तरी, डिचोली, सांगे या तालुक्यांतील वाटेकडेचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा, गजलक्ष्मीच्या शिळा आणि जुन्या देवळांतील कावीची भित्तिचित्रे यांची गोष्ट वेगळी आहे. जे पाहायला बाहेरचा माणूस फारसा येत नाही, त्याचा फोटो गावच्या माणसानेच द्यावा लागतो, आणि त्याच्या हाताशी असलेले साधन म्हणजे फोन.

ज्या गटाचे काम येथे मांडले आहे त्यात मराठी शाळांतील काही शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, देवस्थानांच्या कामात असलेली वडीलधारी मंडळी आणि नोकरी सांभाळून ॲप लिहिणारी एक तरुण विकसक आहे. गटाची नोंदणी नाही आणि त्याला अनुदानही नाही. त्यांच्या चर्चांना मी बसत आलो आहे आणि तांत्रिक आराखड्यावर माझे मत त्यांनी वेळोवेळी घेतले आहे, त्यामुळे ही मांडणी त्रयस्थाची नाही. या प्रकरणातून माझे एक मत पक्के झाले असून ते आरंभीच सांगतो. फोटो सर्व्हरवर पोहोचवणे हा अशा ॲपचा सोपा भाग आहे. देणाऱ्याला ते कोठे थांबवते आणि कोठे अडवत नाही, यावर त्याची खरी किंमत ठरते.

ग्रुपवर जमवलेले फोटो

काम सुरू झाले ते ॲपशिवाय. प्रत्येकाने आपापल्या गावातले फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाठवायचे आणि एका शिक्षकांनी आपल्या खात्यावरून ते कॉमन्सवर चढवायचे, अशी व्यवस्था ठरली होती. गावोगावच्या मंडळींना ती सोयीची वाटली, कारण नवे काही शिकायचे नव्हते. परंतु ही व्यवस्था दोन कारणांनी टिकण्यासारखी नव्हती.

पहिले कारण मालकीचे आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारा हा सर्वसाधारणपणे त्या फोटोचा पहिला मालक असतो, आणि मुक्त परवाना देण्याचा अधिकार मालकाचाच असतो. दुसऱ्याने काढलेला फोटो आपल्या खात्यावरून 'माझे काम' म्हणून चढवणे हे असत्य विधान ठरते. तो मूळ छायाचित्रकाराच्या नावाने चढवायचा तर त्याने स्वतः कॉमन्सच्या स्वयंसेवक पथकाकडे ईमेलने परवानगी पाठवावी लागते. ज्या आजोबांनी आयुष्यात ईमेल लिहिलेला नाही, त्यांच्याकडून प्रत्येक फोटोमागे अशी परवानगी मागणे शक्य नव्हते.

दुसरे कारण फाइलच्या आत दडलेले आहे. फोनने काढलेल्या फोटोबरोबर एक्झिफ नावाची माहिती साठवली जाते. तिच्यात दिनांक, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि परवानगी दिलेली असल्यास अक्षांश-रेखांश असतात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आकाराने लहान केला जातो आणि ही माहिती गळून पडते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पण हे प्रत्येकाने प्रत्येक वेळी लक्षात ठेवायचे होते. परिणामी ग्रुपवर वीरगळाचे सुंदर फोटो जमत गेले आणि त्यांतला कोणता कोठला हे सांगण्यासाठी पाठवणाऱ्याच्या आठवणीखेरीज काहीच आधार उरला नाही.

आधीपासून असलेले ॲप

कॉमन्ससाठी अँड्रॉइडचे एक ॲप पूर्वीपासून आहे. विकिमीडिया फाउंडेशनच्या मोबाइल चमूने ते सुरू केले, पुढे स्वयंसेवकांनी ते हाती घेतले आणि आजही तेच ते चालवतात. त्याचा सोर्स कोड अपाचे २.० परवान्याखाली खुला आहे आणि त्यातील मजकुराचे भाषांतर ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर कोणीही करू शकतो. गटाने साहजिकच आधी ते वापरून पाहिले. त्यातली सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे जवळच्या ठिकाणांचा नकाशा. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या मुक्त माहितीसंग्रहावर, ज्या स्थळाची नोंद व निर्देशांक आहेत पण चित्र नाही, अशी स्थळे तो आपल्या आसपास दाखवतो. पणजी किंवा फोंड्यासारख्या ठिकाणी ही सोय इतकी चांगली चालते की वेगळे काही करण्याची गरजच वाटू नये. आजही शहरातील सदस्यांना गट हेच ॲप सुचवतो.

अडचण नकाशाच्या स्वभावातच होती. ज्याची विकिडेटावर नोंद आहे तेच नकाशावर दिसते. नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेली आणि २०१२ पासून भारतातही होत आलेली 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धासुद्धा स्मारकांच्या तयार याद्यांवर उभी असते. तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे ते यादीत आहे. गावाच्या वेशीवर आंब्याखाली रोवलेला वीरगळ कोणत्याही यादीत नाही. तो नकाशावर कोरी जागा असतो, आणि गटाला नेमक्या अशा कोऱ्या जागाच भरायच्या होत्या.

मूळ ॲपचा सोर्स कोड घेऊन त्यातच बदल करावेत, असा एक प्रस्ताव चर्चेत होता. विकसकाने त्याला विरोध केला आणि तो मला योग्य वाटला. इतक्या मोठ्या ॲपची वेगळी फांदी काढली की मूळ प्रकल्पात होणारा प्रत्येक बदल आपल्या फांदीत आणत राहणे हे कायमचे काम होऊन बसते, आणि नोकरी सांभाळणाऱ्या एकट्या व्यक्तीच्या ते आवाक्याबाहेरचे असते. शेवटी एकच काम करणारे छोटे ॲप स्वतंत्रपणे लिहायचे ठरले. फोटो काढणे, त्याची माहिती मराठीत भरणे, परवाना देणे आणि रेंज मिळेल तेव्हा ते सारे कॉमन्सवर पाठवणे, एवढाच त्याचा पसारा. फोटो सजवणे, पसंती देणे, क्रमवारी लावणे यांपैकी काहीही त्यात असणार नव्हते. प्रत्येकाचे कॉमन्सवर स्वतःचे खाते असेल आणि लॉगिन ओऑथ पद्धतीने होईल, म्हणजे पासवर्ड ॲपच्या हाती कधीच येणार नाही, हेही तेव्हाच निश्चित झाले. अल्पवयीन व्यक्ती भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे करार करण्यास पात्र नसते. परवाना देणे हा करारच आहे का, यावर वाद होऊ शकतो, पण गटाने सावध राहून अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच सामील करून घेतले.

ठिकाण : जपायचे आणि झाकायचेही

या प्रकरणातला सर्वांत गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग ठिकाणाच्या नोंदीचा आहे.

गोव्यात केरी नावाचे गाव सत्तरीत आहे, पेडण्यात आहे आणि फोंड्यातही आहे. 'केरी येथील गजलक्ष्मी' एवढ्या नोंदीवरून बाहेरच्या अभ्यासकाला काहीच ठरवता येत नाही. त्यामुळे ठिकाण फोटोबरोबर हमखास गेले पाहिजे, ही पहिली गरज होती. परंतु अँड्रॉइड १० पासून, वापरणाऱ्याचे खासगीपण जपण्यासाठी, ॲपला गॅलरीतील फोटो देताना त्यातील अक्षांश-रेखांश काढून टाकले जातात. ते हवे असतील तर ॲपला वेगळी परवानगी मागावी लागते. अलीकडच्या फोनमध्ये फोटो निवडण्याची जी नवी खिडकी उघडते, तीही ठिकाण गाळूनच फोटो हाती देते. शिवाय अनेक फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय मुळातच बंद असते. फोटो देणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही. फोटो पडद्यावर व्यवस्थित दिसतो आणि ठिकाण मात्र त्यात नसते.

विकसकाने यावर दोन उपाय योजले. ॲपला स्वतःचा कॅमेरा दिला, जो फोटो काढताक्षणी फोनकडून ठिकाण घेऊन ते फाइलमध्ये लिहितो. गॅलरीतील जुना फोटो घ्यायचा असेल तर तो फाइल निवडण्याच्या जुन्या खिडकीतून घेतला जातो, कारण त्या मार्गाने मूळ फाइल माहितीसह मिळते. त्यातूनही ठिकाण मिळाले नाही, तर ॲप नकाशा उघडून बोटाने जागा दाखवायला सांगते. घाटातील दाट झाडीखाली उपग्रहाचा संकेत क्षीण होऊन चूक काही मीटरांवरून बरीच वाढते. त्यासाठी अंदाजे अचूकता पडद्यावर दाखवून थोडे थांबण्याची सूचना दिली जाते. कॉमन्सवर कॅमेरा कोठे होता आणि वस्तू कोठे आहे, या दोन वेगळ्या नोंदी करता येतात. जवळून काढलेल्या शिळेसाठी दोन्ही जवळपास एकच असतात, पण नदीपलीकडून काढलेल्या देवळासाठी तसे नसते. म्हणून वस्तू दूर असल्यास तिची जागा नकाशावर वेगळी दाखवण्याचे एक बटण ठेवले.

ठिकाण जपण्याची ही सारी यंत्रणा तयार झाल्यावर देवस्थानच्या कामातील एका ज्येष्ठ सदस्यांनी जो मुद्दा मांडला, त्याने आराखड्याची दिशाच पालटली. देवराईत उघड्यावर असलेल्या सुट्या मूर्ती आणि सहज उचलून नेता येतील अशा कोरीव शिळा यांचा नेमका पत्ता जगासमोर ठेवणे म्हणजे चोराला वाट दाखवणे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ही भीती निराधार नाही. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ लागू होतो खरा, पण कायद्याचे संरक्षण आणि रानातला पहारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हापासून ॲपमध्ये प्रत्येक फोटोसाठी ठिकाणाचे तीन पर्याय आले: नेमके, गावापुरते आणि अजिबात नाही. 'गावापुरते' निवडल्यास अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत आणले जातात. गोव्याच्या अक्षांशावर त्याचा अर्थ साधारण एक किलोमीटरचा चौकोन असा होतो. म्हणजे गाव कळते, झाड कळत नाही. येथे विकसकाने दाखवलेली दक्षता महत्त्वाची आहे. फक्त वर्णनाच्या पानावरचे निर्देशांक ढोबळ केले आणि फाइलच्या पोटातील एक्झिफ तसेच राहिले, तर सारा खटाटोप व्यर्थ जातो, कारण कॉमन्स ती माहिती पानाच्या तळाशी उघड दाखवते. म्हणून फाइलमधील आकडेही पाठवण्यापूर्वी बदलले जातात.

हे 'पाठवण्यापूर्वी' का महत्त्वाचे, ते समजून घेण्यासारखे आहे. कॉमन्सवर फाइलची नवी आवृत्ती चढवता येते, पण जुनी आवृत्ती इतिहासात राहते आणि कोणीही ती उघडू शकतो. ती लपवायची तर प्रचालकांना, म्हणजे कॉमन्सची देखरेख करणाऱ्या विशेषाधिकार असलेल्या सदस्यांना, विनंती करावी लागते, आणि तोवर फाइलची प्रत इतरत्र गेलेली असू शकते. एकदा उघड झालेले ठिकाण परत झाकण्याचा खात्रीचा मार्ग नाही. त्यामुळे वस्तू सुटी, हलवता येण्यासारखी आहे असे देणाऱ्याने नोंदवले की ॲप स्वतःहून 'गावापुरते' हा पर्याय पुढे करते, आणि 'नेमके' निवडायचे असल्यास दुसऱ्यांदा विचारते. वर्णनाच्या मजकुरात कोणी 'अमुक विहिरीच्या मागे' असे लिहिले तर ॲप ते ओळखू शकत नाही. त्यासाठी त्या रकान्याखाली एक ओळीची सूचना आहे आणि त्यापलीकडे माणसाच्या समजेवर विसंबावे लागते.

परवान्याचा पडदा

बहुतेक ॲपांत अटी मान्य असल्याची एक चौकट असते आणि ती न वाचता टिचकी मारून लोक पुढे जातात. मुक्त परवाना मागे घेता येत नाही. म्हणून येथे ती घाई चालणार नव्हती. मूळ निवड म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचा बाय-एसए ४.० परवाना ठेवला आहे, आणि त्याचा अर्थ कायद्याच्या भाषेत न सांगता गावातल्या प्रसंगांतून सांगितला आहे: तुमचा हा फोटो उद्या एखादे हॉटेल आपल्या भिंतीवर लावू शकेल, वर्तमानपत्र छापू शकेल, कोणी त्याची दिनदर्शिका करून विकूही शकेल, त्यांनी तुमचे नाव दिले पाहिजे आणि फोटोत बदल करून पुढे दिल्यास तोही याच अटींवर दिला पाहिजे, तुम्हाला पैसे मिळणार नाहीत आणि दिलेला परवाना नंतर काढून घेता येणार नाही. हे वाचल्यावर काही सदस्यांनी फोटो देण्यास नकार दिला. गटातील काहींना त्याचे वाईट वाटले. मला मात्र तो नकार या पडद्याचे यश वाटतो, कारण न समजता दिलेल्या होकारापेक्षा समजून दिलेला नकार या कामाला कितीतरी अधिक पोषक आहे. बिगरव्यापारी वापराची अट घालून फोटो देता येईल का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. तशा अटीचे फोटो कॉमन्स स्वीकारत नाही, आणि ॲप हे स्पष्ट सांगते.

त्याच्या पुढचा प्रश्न फोटोत काय आहे याचा. आपण काढलेल्या फोटोवर आपला हक्क असला तरी फोटोतल्या कलाकृतीवर दुसऱ्याचा हक्क असू शकतो. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२(१) मधील 'एस' आणि 'टी' या उपकलमांनी वास्तूंचे, तसेच सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पांचे फोटो काढून प्रसिद्ध करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा असलेला, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला आबे फारिया यांचा पुतळा कोणीही टिपून कॉमन्सवर देऊ शकतो. चित्रांना व भित्तिचित्रांना मात्र ही मुभा नाही. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचे निधन २०११ साली झाले आणि भारतात प्रताधिकार निर्मात्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. याचा अर्थ त्यांच्या चित्रांवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत कायम आहे, मग ते चित्र रस्त्याकडेच्या भिंतीवर का असेना. पणजीतील फोंताइन्यश या जुन्या वस्तीच्या गल्लीत घराचा फोटो चालतो, पण त्याच घराच्या भिंतीवर हल्ली रंगवलेले चित्रच मुख्य विषय असेल तर चालत नाही.

कावीच्या बाबतीत हा भेद अधिक बारीक होतो. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा रंग देऊन तो कोरून काढलेली ही चित्रे जुन्या देवळांत आढळतात. शतकापूर्वीच्या, कर्त्याचे नाव कोणाला ठाऊक नसलेल्या चित्रांचा प्रश्न येत नाही. परंतु जीर्णोद्धारात एखाद्या हयात कलाकाराने नव्याने कावी केली असेल तर ती त्याची कलाकृती आहे, आणि वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसू शकतात. ॲप येथे वय विचारते आणि खात्री नसेल तर फोटो पाठवण्याच्या रांगेत न टाकता फोनमध्येच राखून ठेवते. देवस्थान समितीकडे जीर्णोद्धाराचे वर्ष सहसा नोंदलेले असते, त्यामुळे अशी प्रकरणे बहुधा एका विचारणेने सुटतात.

नरकासुराचा प्रश्न याहून कठीण निघाला. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांवर भव्य नरकासुर उभे राहतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळले जातात. तरुणांना सर्वांत आधी याच फोटोंची आठवण झाली. परंतु कायद्याची मुभा 'कायमस्वरूपी' असलेल्या शिल्पांना आहे, आणि पहाटे जाळली जाणारी प्रतिमा कायमस्वरूपी म्हणता येईल का, हा प्रश्न शिल्लक राहतो. शिगम्यातील (गोव्याच्या शिमगोत्सवातील) चित्ररथांचेही तसेच. गटाने सावध भूमिका घेऊन तात्पुरत्या रचनांसाठी, त्या घडवणाऱ्या मंडळाची लेखी परवानगी असल्याखेरीज, ॲपचा मार्ग बंद ठेवला. यावर बराच वाद झाला आणि तो अजून पूर्णपणे मिटलेला नाही. मला स्वतःला ही भूमिका योग्य वाटते, कारण कॉमन्सवर चर्चेअंती वगळलेला फोटो नवख्या सदस्याला कायमचा दूर लोटतो. गणेश चतुर्थीला, म्हणजे चवथीला, गणपतीच्या वर टांगल्या जाणाऱ्या माटोळीचे फोटो मात्र मुक्तपणे घेतले जातात. रानातली फळे, कंद, वेली यांची ती मांडणी आहे, आणि तिच्यातील प्रत्येक फळाचे स्थानिक नाव मथळ्यात लिहिले गेले तर तो फोटो वनस्पतीच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतो.

देवळात फोटो काढण्यास देवस्थानने केलेली मनाई ही प्रताधिकाराहून वेगळी बाब आहे. गाभाऱ्यातील प्राचीन मूर्तीवर कोणाचा प्रताधिकार नसला तरी देवस्थानचा नियम असतोच. कॉमन्स अशा नियमांवरून सहसा फोटो वगळत नाही, पण गावात राहणाऱ्या गटाला उद्या त्याच देवळात जायचे आहे. म्हणून ॲपने 'येथे फोटो काढण्यास परवानगी आहे ना?' हा प्रश्न परवान्याच्या आधी ठेवला आहे.

नाव, वर्ग आणि रेंज

बाकीच्या गोष्टी तुलनेने लवकर मार्गी लागल्या. कॅमेऱ्याने दिलेली 'आयएमजी' आणि आकडे अशी निरर्थक नावे कॉमन्स नाकारते. म्हणून वस्तू, गाव, तालुका व दिनांक जोडून ॲप फाइलचे नाव स्वतः सुचवते. देवनागरीतले नाव चालते, मात्र त्याला २४० बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त स्वतंत्रपणे ३ बाइट व्यापत असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे ८० चिन्हेच हाती येतात. इंग्रजीत सहज बसणारे नाव मराठीत मध्येच तुटू नये म्हणून ॲप अक्षरे न मोजता बाइट मोजते. कॉमन्सवर फायली ज्या विषयवार वर्गांत लावल्या जातात, त्यांची नावे इंग्रजीत असतात. देणाऱ्याने गाव नकाशावरून निवडले की त्या गावाच्या विकिडेटा नोंदीतून कॉमन्सवरील वर्ग आपोआप घेतला जातो, त्यामुळे तिन्ही केरींची सरमिसळ होत नाही. चित्राचा मथळा कॉमन्सवर २०१९ पासून अनेक भाषांत वेगवेगळा देता येतो. ॲपमध्ये मराठीचा रकाना आवश्यक आणि कोंकणीचा ऐच्छिक आहे, आणि मथळा सीसी-शून्य अटींवर, म्हणजे कोणताही हक्क राखून न ठेवता, जातो हे तेथेच सांगितलेले आहे.

घाटाखालच्या गावांत रेंज येते-जाते. फोटो मूळ आकारातच पाठवायचा, कारण लहान प्रती कॉमन्स स्वतः तयार करते. म्हणून फाइलचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवण्याची, आणि हवे असल्यास वायफाय मिळेपर्यंत वाट पाहण्याची सोय केली. यातला एक दोष चाचणीत सापडला. शेवटचा तुकडा पोहोचून फोटो प्रसिद्ध झाला, पण सर्व्हरचे उत्तर फोनपर्यंत येण्याआधीच रेंज गेली, तर ॲपला काम फसल्यासारखे वाटते आणि ते पुन्हा पाठवू लागते. आता पुन्हा पाठवण्यापूर्वी ॲप फाइलचा एसएचए-१ ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) देऊन ती कॉमन्सवर आहे का हे विचारते. ठिकाण ढोबळ करताना फाइल बदलत असल्याने हा ठसा त्या बदलानंतरच काढावा लागतो, अन्यथा तीच फाइल परकी वाटते. या सर्व चाचण्या कॉमन्सच्या बीटा आवृत्तीवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या संकेतस्थळावर, झाल्या, म्हणून खऱ्या भांडारात निरुपयोगी फोटोंची भर पडली नाही.

आजची स्थिती

ॲप सध्या गटातील आणि गटाच्या ओळखीतील लोक वापरत आहेत. प्ले स्टोअरवर ते ठेवायचे का, यावर निर्णय झालेला नाही. तेथील ॲपांना दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यावे लागते आणि ते काम एकाच व्यक्तीवर आहे. सोर्स कोड खुला केला असून फोंड्यातील दोन विद्यार्थी तो शिकत आहेत. आयफोन असलेल्यांसाठी वेगळे ॲप करण्याचा विचार सोडून देण्यात आला आणि त्यांना ब्राउझरमधून कॉमन्सचे नेहमीचे पान वापरण्यास सांगितले जाते. विकिडेटावर प्रत्येक शिळेची नोंद ॲपने आपोआप करावी ही मागणीही मान्य झालेली नाही. एकाच वीरगळाचे तीन फोटो तिघांनी दिले तर तीन नोंदी होतील, आणि त्या एकत्र करण्याचे काम फोटो काढण्याहून मोठे ठरेल. सध्या प्रशिक्षित दोन शिक्षक आलेल्या फोटोंवरून हाताने नोंदी करतात, आणि त्या नोंदींमुळे ती स्थळे कॉमन्सच्या मूळ ॲपच्या नकाशावरही दिसू लागली आहेत.

माणसांच्या फोटोंचा विभाग अद्याप बंद आहे. शिगम्यात घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेले नृत्य) करणाऱ्यांचे फोटो सर्वांना द्यायचे आहेत, पण त्यात चेहरे आहेत आणि परवाना व्यापारी वापराचीही मुभा देतो. छायाचित्रकाराचा होकार म्हणजे नाचणाऱ्याचा होकार नव्हे. संमतीचा मजकूर मराठीत आणि कोंकणीत लिहून डिचोली व सत्तरीतील पथकांकडे पाठवला आहे, त्यावर त्यांच्या सूचना येत आहेत, आणि पथके जे शब्द मान्य करतील तेच पडद्यावर येतील असे गटाने त्यांना कळवले आहे.